गाझान खानाचा दिरहम ओळखताना

इराणच्या इलखानी (तिथल्या मंगोल राजघराण्याच्या) नाण्यांत मला सर्वांत देखणा वाटतो तो गाझान खानाचा (1295–1304) चांदीचा दोन दिरहम. त्याने केलेल्या नाणेसुधारणेनंतर दिरहम सुमारे 2.16 ग्रॅमचा ठरला, दोन दिरहम 4.32 ग्रॅमचा, सहा दिरहमांचा एक दीनार.

आधी नाणं तोला. वजन थोडं कमी भरलं तर झीज समजा; बरंच कमी भरलं तर कड नीट पाहा, कातरलेली असू शकते. एका बाजूला अरबी कलमा असतो. दुसऱ्या बाजूचा उइघुर लिपीतला मंगोल मजकूर वरून खाली वाचायचा, ओळी डावीकडून उजवीकडे. बरेच जण अरबीच्या सवयीने नाणं आडवं धरतात आणि गोंधळतात. गाझानचं नाव सापडलं की निम्मं काम झालं. ठसा सरकलेला असला तर टांकसाळीचं नाव नेमकं कडेबाहेर जातं. अशा वेळी अंदाजाने ‘तबरीझ’ लिहू नये.

पुढचा खान उल्जायतू शिया झाल्यावर नाण्यांवर बारा इमामांची नावं आली, त्याच्यानंतरच्या अबू सईदने पुन्हा सुन्नी प्रथेप्रमाणे चार खलिफांची आणली. त्यामुळे खानाचं नाव पुसलेलं असलं तरी नाण्याचा काळ ओळखता येतो. आणि कृपा करून आम्लाने घासू नका: अक्षरांच्या कडा जातात, त्या परत येत नाहीत.