पाँटिअ‍ॅकला कुस्तीचं मैदान शोधताना

"मामा, तिथे काहीच नाहीये." भाचा दोन दिवस हेच सांगत होता. पोराचं बरोबर होतं, आणि मलाही ते माहीत होतं. तरी रविवारी सकाळी त्याला अंथरुणातून काढलं, आक्काकडून गाडीची किल्ली घेतली आणि निघालो.

आक्का डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहते. तिथून पाँटिअ‍ॅक गाडीनं वीसेक मिनिटांवर. मार्च संपत आला होता, पण मिशिगनला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. रस्त्याकडेला काळे पडलेले बर्फाचे ढीग, मिठानं पांढरट झालेलं डांबर आणि खड्डे. इतके खड्डे, की मला घरी आल्यासारखं वाटलं.

मला बघायचं होतं सिल्व्हरडोम स्टेडियम. २९ मार्च १९८७ ला तिथं रेसलमेनिया ३ झालं, म्हणजे अमेरिकेतल्या करमणुकीच्या कुस्तीचा मोठा सोहळा; हल्क होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. तोही रविवारच होता.

मी ती लढत पाहिली बऱ्याच वर्षांनी, कोल्हापुरात, व्हिडिओ लायब्ररीतून दहा रुपये भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर. कॅसेट इतकी घासलेली की आंद्रेचा चेहरा मधूनच आडव्या रेघांत फाटायचा. आम्ही पोरं टीव्हीला नाक लावून बसलेलो आणि मागं खुर्चीत माझा मामा. मामानं उमेदीची वर्षं तालमीत घातलेली. दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले. त्यानं पाचेक मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "नुरा हाय रं ही. उठा, अभ्यासाला बसा."

तालमीत नुरा म्हणजे शिवीच. पैलवानांनी आधी ठरवून कुस्ती केली असा संशय जरी आला, तरी कोल्हापूरच्या खासबाग मैदानातलं पब्लिक दोघांना सोडत नाही. आणि इथं तर सगळंच नुरा. १९८९ मध्ये रेसलमेनिया भरवणाऱ्या खुद्द कंपनीनंच न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारणही व्यवहारी होतं: खेळ म्हटलं की सरकारी परवाने, डॉक्टर, कर असं सगळं मागं लागतं. मामाला हे पाच मिनिटांत कळलं होतं.

वाटेत एका कोनी आयलंडमध्ये थांबलो. डेट्रॉइटकडं हॉटडॉग आणि अंडी मिळणाऱ्या साध्या खानावळींना हेच नाव. काउंटरवर शेजारी डेट्रॉइटच्या लायन्स फुटबॉल संघाची टोपी घातलेला पन्नाशीचा माणूस होता. भाच्यानं आमची मोहीम त्याच्या कानावर घातली, तसा तो काटा खाली ठेवून माझ्याकडं वळला. अकरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर गेला होता म्हणे, पार वरच्या रांगेत. होगन केवढा दिसत होता? त्यानं अंगठ्याचं नख दाखवलं. त्याच्या लक्षात राहिलं होतं ते वेगळंच: बाहेर पडतानाचा वारा. सिल्व्हरडोमचं छत कापडी, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या फायबरग्लासचं, आणि ते खांबांवर नाही तर आतल्या हवेच्या दाबावर तरंगायचं. दार उघडलं की आतली हवा माणसाला पाठीत धक्का देऊन बाहेर काढायची. त्याच्या बापाची टोपी त्या दिवशी पार्किंगमध्ये उडाली ती उडालीच.

त्या छताची गंमत टेपमध्येही दिसते. कार्यक्रम दुपारी चारला सुरू झाला. सुरुवातीच्या कुस्त्यांना छतातून दुधट उजेड झिरपत असतो. हळूहळू तो विझतो आणि आंद्रे येतो तोवर वर काळोख, खाली फक्त रिंग उजळलेली. खासबागेत उतरत्या बैठकीमुळं मागच्यालाही हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसतो; इथं रिंगण इतकं लांब, की पैलवानांना छोट्या रिंगच्या आकाराच्या मोटारगाडीवर उभं करून आणायचे. आंद्रे त्या गाडीवर उभा आहे, शेजारी मॅनेजर बॉबी हीनन, आणि लोक हाताला येईल ते फेकून मारताहेत. आंद्रेचा चेहरा मात्र दगडाचा.

हायवे सोडून फेदरस्टोन रोडला लागलो आणि भाचा म्हणाला, "बघ." समोर करडं, बिनखिडक्यांचं, लांबच लांब गोदाम. त्यावर ते हसऱ्या बाणाचं चिन्ह. अ‍ॅमेझॉन. ट्रेलर ओळीनं उभे, कामगारांच्या गाड्या, कुंपण. ना पाटी, ना खूण. गाडी कडेला लावून मी खाली उतरलो. वारं झोंबत होतं. भाचा आत हीटर लावून बसला.

इथं १९७५ पासून डेट्रॉइट लायन्स अमेरिकन फुटबॉल खेळले, १९९४ चे फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी इथं प्रार्थनासभा घेतली. बांधायला साडेपाच कोटी डॉलरहून जास्त लागले होते. लायन्स डेट्रॉइटला गेले, मोटारधंद्यानं गावाकडं पाठ फिरवली, आणि २००९ मध्ये कर्जात बुडालेल्या पाँटिअ‍ॅकनं हे सगळं लिलावात ५,८३,००० डॉलरला विकलं. पुढं छत फाटलं, मैदानात पावसाचं तळं साचलं.

डिसेंबर २०१७ मध्ये ते पाडायला सुरुंग लावले. कॅमेरे रोखलेले, धडाधड स्फोट झाले, धूर विरला, आणि सिल्व्हरडोम जागच्या जागी उभा. वायरिंगमध्ये काही बिघडलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, तेव्हा पडला. टेप पाठ असलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. होगननंही सुरुवातीलाच आंद्रेला उचलायचा प्रयत्न केला होता. पाठ वाकली, आंद्रे अंगावर कोसळला आणि पंचांचा हात जवळजवळ तीनदा पडला; तीनदा पडला की हार. उचललं ते शेवटी, दुसऱ्या खेपेला.

पण त्या दुसऱ्या खेपेचं श्रेय मी हल्ली आंद्रेला देतो. आदल्या वर्षी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. काळ्या पोशाखाखाली पट्टा बांधलेला. त्यासाठीच तो पोशाख. अंगाची वाढ न थांबण्याचा त्याचा आजार त्याला आतून खात होता. टेप नीट पाहा: तो बारा मिनिटांत फारसा हलतच नाही. उभा राहतो, दोरीला हात देतो, होगनला मिठीत आवळून मिनिटं काढतो. आम्हाला लहानपणी तो दरारा वाटायचा. तो माणूस उभं राहण्याचंच काम करत होता. आणि पाचशे पौंडांच्या आसपासचा गडी स्वतः अंग दिल्याशिवाय उचलला जात नाही, हे मामाला विचारा. होगननं पुढं वर्षानुवर्षं ही गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी आंद्रेचं वजन थोडं वाढवलं. "पंधरा वर्षांत अजिंक्य, कुणी उचललाच नव्हता" ही तर जाहिरातीची थाप. होगननंच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलला होता. आंद्रे १९९३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये गेला, वडिलांच्या अंत्यविधीसाठी गेलेला असताना. होगन २०२५ च्या जुलैत.

जाणकार मात्र त्या दिवसाची कुस्ती म्हणून दुसरीच सांगतात: रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. सॅव्हेजनं एकेक डाव आधी कागदावर लिहून, क्रमांक टाकून पाठ करून घेतला होता. नुरेचीही अशी तालीम असते, हे मला ते वाचेपर्यंत माहीत नव्हतं. साडेचौदा मिनिटं, खांदे टेकले म्हणता म्हणता सुटतात, पुन्हा टेकतात, आणि शेवटी स्टीमबोट त्याचं गाठोडं बांधतो. या डावाचं नाव स्मॉल पॅकेज. गोदामाच्या कुंपणाशी उभं राहून मला एकट्यालाच हसू आलं.

पहिलं रेसलमेनिया मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं. दुसरं तीन शहरांत वाटून केलं आणि त्याची चव विस्कटली. तिसऱ्यानंतर मात्र विन्स मॅकमहनच्या कंपनीची भूक स्टेडियमएवढी झाली. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, ते परत डेट्रॉइटला आले, तेव्हा फोर्ड फील्डवर ८०,१०३ चा आकडा जाहीर केला. पण आजही तोंडी बसलेला आकडा १९८७ चाच: ९३,१७३. कुस्तीवर लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्टझर वर्षानुवर्षं सांगताहेत की खरी माणसं ७८ हजारांच्या आसपास. कंपनी ऐकत नाही. मेल्टझरही ऐकत नाहीत. माझ्या मते पंधरा हजार माणसांवरून चाललेली ही त्या मैदानावरची एकमेव खरी कुस्ती आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजून गेले असतील. मामाला व्हिडिओ कॉल लावला. जेवून बसला होता. मी फोन फिरवून गोदाम दाखवलं.

"ह्ये काय दावतुयास? गोडाऊन?"

"इथंच झाली होती मामा, ती कॅसेटमधली. होगन आणि आंद्रेची."

"ती नुरा?"

"तीच."

"मानसं किती हुती?"

मेल्टझर आठवले, पण गारठ्यात हिशेब कोण सांगत बसणार. "त्र्याण्णव हजार एकशे त्र्याहत्तर," मी म्हणालो.

"तिकिटं काढून?"

"तिकिटं काढून."

मामा बराच वेळ गोदामाकडं बघत राहिला. ट्रेलर हळूच फाटकातून बाहेर पडला. मग त्यानं विचारलं, "आपल्या खासबागेत किती मावत्यात रं?"