तीन शेपट्या कशाला?
आज गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या विमानासमोर मुलांचा एकच प्रश्न: मागे तीन उभे पंख कशाला? एकच ठेवला असता तर इतका उंच झाला असता की हँगरच्या (विमान ठेवायच्या शेडच्या) दारात अडकला असता.

या उभ्या पंखांमागचे रडर, म्हणजे हलत्या फळ्या, विमानाचं नाक डावी-उजवीकडे नेतात. वळण मात्र रडरने होतं हा गैरसमज फार! डावा एलेरॉन (मुख्य पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर, उजवा खाली केला की विमान डावीकडे कलतं. कललेली लिफ्टच, म्हणजे पंखांचा उचलणारा जोरच, त्याला वळवते. पण खाली गेलेला एलेरॉन ड्रॅगही (हवेचा अडथळाही) वाढवतो, म्हणून नाक उलट उजवीकडे ओढलं जातं. त्यावर उपाय डावा रडर. कलल्यावर उंची घटते, मग स्टिक (वैमानिकाची दांडी) थोडी मागे, म्हणजे नाक वर. जास्त ओढलीत, पंखाचा हवेशी कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की स्टॉल, म्हणजे पंखाची लिफ्ट एकदम घटते. वेग कितीही असो.