सावलीतला टिकेलचा निळा माशीमार

ओढ्याकाठी, बांबूच्या बेटात किंवा गर्द झाडोऱ्यात बारीक, धातूसारखी खणखणीत छोटी लकेर ऐकू आली की तिथेच थांबावं. टिकेलचा निळा माशीमार जवळच असतो. चिमणीएवढा पक्षी, साधारण 14 सेंमी. नराची पाठ निळी, गळा-छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी तशीच, पण फिकट.

हा बहुधा खालच्या, मोकळ्या फांदीवर ताठ बसतो, झेप घेऊन किडा टिपतो आणि त्याच किंवा शेजारच्या फांदीवर येतो. त्यामुळे फोटोसाठी त्याच्यामागे फिरण्यात अर्थ नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा, त्याच्या ठरलेल्या दोन-तीन बैठका कळतात. जिच्या मागची झाडी लांब आहे ती निवडा आणि पाच-सहा मीटरवर खाली बसा.

खरी अडचण उजेडाची. 400 मिमी लेन्स, एफ 5.6 (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200 ठेवूनही शटरचा वेग बऱ्याचदा 1/250 सेकंदाच्या पुढे जात नाही. मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) तेवढं पुरतं, कारण दोन झेपांच्या मध्ये तो काही क्षण निश्चल असतो. तीन-चार फ्रेमचे छोटे बर्स्ट (सलग क्लिक) घ्या. उडतानाच्या फोटोचा नाद या उजेडात सोडलेलाच बरा.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मात्र हमखास चुकतं. मागची काळोखी झाडी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोटाची पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात. कॅमेऱ्यात उणे 0.7 ते उणे 1 एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे उजेड तेवढा कमी करा. पाठ काळपट दिसेल, पण रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) ती उजळता येते. जळालेला पांढरा परत येत नाही. पानांतून झिरपलेल्या उजेडाची हिरवट झाक पोटावर चढते, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळणी) पोटाच्याच पांढऱ्यावरून जुळवा. निळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो. त्यामुळे मान किंचित वळली की कपाळ आणि खांद्याजवळचा पट्टा एकदम चमकतो, पुढच्या क्षणी विझतो. क्लिक करायचं ते तेव्हा. फोकस एकाच पॉइंटने डोळ्यावर ठेवा, नाहीतर पुढची काडी तो पळवते.

एप्रिल ते ऑगस्ट हा साधारण विणीचा काळ. चोचीत किडा आहे, खात नाही आणि फांद्या बदलत टिकटिक करतोय, म्हणजे घरटं जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात. ताबडतोब मागे फिरा. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावणं तर कोणत्याच ऋतूत नको. हद्द राखायला तो किडे टिपणं सोडून धावत येतो.