ताई, डान्स कधी बसवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. क्लास सुटतो, दाराशी चपलांचा ढीग असतो, त्यात आपल्या मुलीचा दुसरा बूट शोधता शोधता कुणीतरी म्हणतंच, "ताई, जूनपासून येतेय ही, अजून एकही डान्स बसवला नाही?" आया हे जरा संकोचून विचारतात. बाबा लोक फीच्या पावतीकडे बघत विचारतात. आज्यांना आडपडदा नसतो: "घरी येऊन नुसत्या बेडूकउड्या मारते हो. त्या तर ती आधीही मारायची!"

मारायची, मान्य. पण थांब म्हटल्यावर थांबायची का?

माझा भरतनाट्यमचा क्लास ठाण्यात पाचपाखाडीला आहे, आणि हा प्रश्न येतो तो फक्त साडेतीन ते पाच वर्षांच्या वर्गाबद्दल. मोठ्या मुलींचं पुढे काय होणार ते पालकांना साधारण ठाऊक असतं. नमस्कार, अडवू म्हणजे हातापायांच्या मूळ हालचाली, कधीतरी अलारिपू हा पहिला छोटा नाच, मधेमधे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. मंडळ इथे वाशीलाच असल्यामुळे की काय, आपल्याकडे प्रारंभिकचा फॉर्म लोकांना घरचा वाटतो. चार वर्षांच्या मुलीसाठी "प्रारंभिकला कधी बसवता?" असं विचारणारेही भेटतात. अहो, ती अजून सतरंजीवर बसत नाही, परीक्षेला कुठून बसवू!

तर उत्तर असं, की पहिलं वर्ष मी डान्स बसवतच नाही. ठरवूनच बसवत नाही.

डान्स बसवणं म्हणजे काय, तर एक गाणं घ्यायचं, ओळीओळीला हावभाव लावायचे आणि तो क्रम मुलांकडून घोटून घ्यायचा. हे चार वर्षांच्या मुलांकडूनही करून घेता येतं. गॅदरिंगला बघितलंच असेल तुम्ही. स्टेजवर दोन रांगा मुलं, विंगेत बाई उभ्या राहून सगळा नाच करताहेत, आणि झाडून सगळी मुलं मान वळवून विंगेकडे बघताहेत. टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो, आजी-आजोबा खूश. पण त्या मुलांनी गाणं ऐकलेलं नसतं. बाईंचे हात दिसत असताना ऐकायचं कशाला? मला मुलांचे कान हवे असतात, आणि कान जागे झाले का हे कळायची एकच खूण मला माहीत आहे: आवाज थांबला की मूल थांबतं.

म्हणून आमच्याकडे गाडी आहे. ठाण्याच्या मुलांना गाडी समजावून द्यावी लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती ठाण्यालाच आली, हे मी त्यांना सांगत नाही, पण मनात मिरवते. मुलं एकामागे एक उभी राहतात, पुढच्याच्या टी-शर्टचं टोक धरतात. खांदे धरायचे नाहीत. खांदे धरले की भार टाकतात आणि अख्खी गाडी आडवी होते. मी लाकडी ठोकळ्यावर काठीने ठोका देते, आमच्यात त्याला तट्टुकळी म्हणतात, आणि स्लो लोकल सुटते. ठोका थांबला की स्टेशन.

सुरुवातीच्या आठवड्यांत काय होतं? ठोका थांबतो आणि गाडी आणखी तीन-चार पावलं तशीच जाते. पुढचा थांबला तर मागचे त्याच्यावर आदळतात, मग हसू, मग रडू. धावतं अंग थांबवायला गुडघे थोडे वाकवावे लागतात, भार पायांवर मधोमध आणावा लागतो, आणि थांबा येणार हे आधी ओळखावं लागतं. हे कुणी तोंडी सांगून येत नाही. गणपतीच्या आसपास कधीतरी एका शनिवारी काठी थांबते आणि गाडी तिथल्या तिथे उभी राहते, एकही डबा हलत नाही. माझा तो दिवस मजेत जातो. पालकांना मात्र दाराच्या फटीतून एवढंच दिसतं, की आपली पोर भर हॉलमध्ये नुसती उभी आहे.

स्टेशनात गाडी उभी राहिली की स्टेशनचं नाव पावलांनी वाजवायचं, अक्षरागणिक एक पाऊल. दि-वा, दोन. वि-क्रो-ळी, तीन. डों-बि-व-ली, चार. बोलताना आपण डोंबिवलीतला 'व' अर्धा गिळतो, पावलं मात्र त्याला पूर्ण वाजवतात. घा-ट-को-प-र, पाच. आता यातलं माझं गुपित सांगते. दिवा म्हणजे आमच्या तालाच्या बोलांतलं तक, विक्रोळी म्हणजे तकिट, डोंबिवली म्हणजे तकधिमि आणि घाटकोपर म्हणजे तक-तकिट. मोठ्या वर्गात तिस्र, चतुरश्र, खंड या तालाच्या तीन, चार, पाच अक्षरांच्या जाती शिकवायची वेळ येते तेव्हा माझ्या जुन्या प्रवाशांच्या पायांना त्या ओळखीच्या लागतात. मिश्र आणि संकीर्ण जातींसाठी सात आणि नऊ अक्षरांची स्टेशनं मिळत नाहीत, तिथे मी भाज्यांची नावं जोडते. रेल्वेचा नाइलाज.

मधूनच लांब पल्ल्याची मेल येते. मग दोघींनी हात उंच जोडून पारसिकचा बोगदा करायचा आणि बाकीच्यांनी वाकून, आवाज न करता, अगदी हळू त्यातून जायचं. सगळ्यात अवघड हेच. मोठ्यांना वाटतं, आधी सावकाश शिकवावं, मग जलद. चार वर्षांच्या मुलाचं गणित उलटं असतं. त्याचा स्वतःचा ठेका आपल्यापेक्षा जलद असतो, त्याला मोकळं सोडून टाळी वाजवायला सांगा, लगेच कळेल. सावकाश चालायचं तर पुढचं पाऊल पडेपर्यंत एका पायावर तोल धरावा लागतो, आणि एका पायावर उभं राहणं तर आत्ता कुठे जमायला लागलेलं असतं. लंगडी चारच्या आसपास येते. एकेका पायावर आळीपाळीने उडत पुढे जाणं बहुतेकांना पाच-सहाच्या आधी येत नाही. त्यामुळे कुणाची मुलगी साडेतीन वर्षांची असताना संथ गाण्यावर डौलात नाचत नसेल तर काळजी करू नये.

स्पीकर का लावत नाही, असंही विचारतात. या बाबतीत माझ्या बाजूने एक छान प्रयोग आहे. सेबास्टियन कर्शनर आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल दिला. कधी समोर माणूस बसून वाजवत होता, कधी यंत्र वाजवत होतं, कधी नुसता आवाज येत होता. समोर माणूस असला की मुलांचा ठेका जास्त चांगला जुळत होता, अडीच वर्षांच्यांचासुद्धा. आमच्या जुन्या गुरूंनी हातात काठी घेऊन समोर बसायची पद्धत का धरून ठेवली असेल, त्याचं एक कारण मला यात दिसतं. शिवाय काठी मला हवी तिथे थांबवता येते. गाणं माझं ऐकत नाही.

आता अंगाचं. भरतनाट्यम म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर अरमंडी येते, गुडघे बाहेर काढून अर्धं बसणं. "अजून अरमंडी नाही?" नाही. आपल्या गुडघ्याची वाटी जन्मतः कूर्चेची असते, तिचं हाड व्हायला लागतं ते साधारण तीन ते सहा या वयात. पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यातून वळायला हवा. तिथून वळला नाही आणि पावलं मात्र जबरदस्तीने वळवली, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मग बेडूक बरा की! उकिडवं बसणं या मुलांना उपजत येतं, टाचा जमिनीला टेकवून तासभर बसतील. तेच टिकवायचं. आजीच्या बेडूकउड्यांचं उत्तर हे आहे.

आणि एक गोष्ट पालकांना मी पहिल्याच दिवशी बजावते. मुलीला हाताला धरून खेचू नका, फुगडी घालताना तिच्या दोन्ही हातांना धरून उचलून गरगरा फिरवू नका. या वयात हाताला हिसडा बसला तर कोपरातलं हाड जागेवरून सटकतं. मुलांच्या डॉक्टरांना विचारा, हे त्यांच्याकडे नेहमीचं आहे. डॉक्टर ते पटकन बसवतात, पण लेकराच्या डोळ्यांत पाणी आणून कशाला. आमचा झिम्मा टाळ्यांचा असतो आणि फेर सैल हातांचा.

मुद्रांची सगळ्यांना हौस. 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा आहेत, पहिली पताक, म्हणजे बोटं जुळवून सरळ धरलेला पंजा. ती कुणालाही येते. दुसरी त्रिपताक, त्यात फक्त अनामिका वाकवायची, आणि तिथेच गाडी अडते. करून बघा आत्ता, तुमचीही शेजारची बोटं थोडी हलतील. चार वर्षांच्या मुठीला ते अजिबात जमत नाही, मग मुलं दुसऱ्या हाताने ते बोट दाबून धरतात आणि त्या हाताचं काय करायचं हे विसरतात. म्हणून मी ग्रंथाचा क्रम सोडते. मुष्टी, शिखर, सूची, सर्पशीर्ष, पद्मकोश एवढ्या पाचांत आमचे आंबे, साप, चांदोबाकडे दाखवणं आणि "मी नाही जा" सगळं होतं.

उजव्या-डाव्याचा घोळ तर विचारू नका. मुलं आरशासारखी नक्कल करतात, म्हणून त्यांच्यासमोर उभी राहून मी "उजवा" म्हणते आणि माझा डावा उचलते. "जेवायचा हात" ही खूण सोपी वाटते, पण वर्गात एखादं तरी डावखुरं पिल्लू असतंच आणि ते बरोबर उलटा हात वर करतं. त्याचं चुकलेलं नसतं! आम्ही उजव्या मनगटाला लाल लोकर बांधतो.

काही मुलं नाचतच नाहीत. भिंतीला पाठ लावून बसतात, महिनोन्‌महिने. आई बिचारी कानकोंडी होते, "जा ना, बघ ती कशी करते." हे वाक्य आमच्या हॉलमध्ये बंद आहे. अशी मुलं घरी गेल्यावर आजोबांना फरशीवर उभं करून अख्खा तास पुन्हा घेतात, माझ्या आवाजासकट, हे मला त्यांच्या आयाच सांगतात. भिंतीशी बसून ती ऐकत असतात. त्यांना मी ओढून आणत नाही. गाडी मात्र त्या भिंतीवरून नेते आणि तिथे एक स्टेशन ठेवते. चढायचं तर चढावं.

राहिला स्टेजचा प्रश्न. "गडकरीला कधी?" गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाणेकरांचं आहे, त्या स्टेजवर आपली मुलगी दिसावी असं कुणाला वाटणार नाही? मलाही वाटतं. पण दिवे डोळ्यांवर आले की समोरचा हॉल काळाकुट्ट दिसतो आणि आई कुठे बसली आहे ते कळत नाही. त्यात भाड्याचा टोचणारा ड्रेस, डोक्यात पिना, जेवायची वेळ टळलेली. सहा-सात वर्षांच्या मुलीला याची गंमत वाटते. चार वर्षांच्या मुलीला का बसवावं या सगळ्यात? त्यापेक्षा मार्चमध्ये मी पालकांना हॉलमध्येच बोलावते, जमिनीवर बसवते आणि मुलं त्यांना गाडीत घेतात. गाडी थांबली की सगळ्यात जास्त पावलं पुढे बाबा लोक जातात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी दुसरा क्लास जरूर बघावा, ठाण्यात कमी नाहीत. फक्त आधी पायांतल्या चपला काढून तिथल्या फरशीवर उभे राहा. काँक्रीटवर गुळगुळीत टाइल असेल तर तिथे रोज किती उड्या मारून घेतात ते विचारा, पावसाळ्यात ओली फरशी कोण पुसतं तेही विचारा. मोजे घालून नाचवत असतील तर उलट पावली परत या. एका ताईमागे किती मुलं आहेत ते मोजा. आणि एखादं मूल रडत असेल तर पाच मिनिटं थांबून बघा, त्याच्याजवळ कोण जातं ते.