नवे पिस्तूल रुळवताना आणि जादा मॅगझिन शोधताना

म्हापशात सोन्याचांदीचे दुकान चालवणाऱ्या घरात शस्त्र परवाना असणे नवलाचे नाही. आमच्या घरी तो सासऱ्यांच्या नावे होता आणि त्यांचे जड रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे तिजोरीत पडून असे. त्यांच्या पश्चात मी स्वतःच्या नावाने रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना मिळाला आणि मी .३२ बोअरचे, आटोपशीर आकाराचे, देशी बनावटीचे पिस्तूल विकत घेतले. परवाना कसा काढावा याची माहिती देणारे पुष्कळ भेटतात. परंतु शस्त्र हाती आल्यानंतर ते विश्वासाचे कसे करावे, हे सांगणारे क्वचितच भेटतात. माझे ठाम मत असे झाले आहे की नवे पिस्तूल विकत घेतल्या दिवशी भरवशाचे नसते, आणि ते भरवशाचे होणे न होणे निम्म्याहून अधिक त्याच्या मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पत्र्याच्या डबीवर, अवलंबून असते.

परदेशी जाणकार सांगतात की नव्या पिस्तुलातून दोनशे ते पाचशे गोळ्या झाडल्या म्हणजे त्याचे भाग एकमेकांशी जुळतात. आपल्याकडे हा सल्ला जसाच्या तसा पाळता येत नाही, कारण एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची यावर मर्यादा असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. तेव्हा पिस्तूल रुळवण्याचे जेवढे काम गोळी न झाडता करता येईल तेवढे आधी करावे आणि प्रत्येक काडतुसाकडून काही ना काही माहिती मिळवावी, हाच मार्ग उरतो.

सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात, मोडते. म्हणून आपल्याकडे छोट्या पिस्तुलांत .३२ बोअरच सर्वत्र दिसते. हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास बेल्जियममधील एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी तयार केले. त्याची नेहमीची गोळी ७१ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम वजनाची असते. या काडतुसाच्या बुडाची कड पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांडीच्या, अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. ही कड इतकी बारीक असते की बोट फिरवल्याशिवाय जाणवत नाही, पण मॅगझिनमधल्या निम्म्या अडचणी तिच्यातून उगवतात. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. ती मागे राहिली, तर स्लाइड (पिस्तुलाच्या माथ्यावरचा मागेपुढे सरकणारा भाग) वरचे काडतूस पुढे ढकलू लागताच दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, आणि हा अडथळा नुसती स्लाइड मागे ओढून सुटत नाही, तर मॅगझिन बाहेर काढून हाताने सोडवावा लागतो. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसावर दाबून ओठांखालून, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या कडांखालून, पुरते मागे सरकवावे आणि मॅगझिन बाजूने धरून, त्याच्या छिद्रांतून कडांची रांग नीट लागली आहे ना, हे पाहावे. मी हे दर वेळी करते.

पिस्तूल कारखान्यातून येते तेव्हा त्यावर गंजरोधक ग्रीसचा थर असतो. तो साठवणुकीसाठी असतो, चालवण्यासाठी नव्हे. मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून मी पिस्तूल उघडले, नळी मागच्या बाजूने ब्रशने स्वच्छ केली, खाचांमधले ग्रीस पुसले आणि स्लाइड ज्या कडांवर सरकते त्यांवर तेलाचा अगदी पातळ हात दिला. तेल अधिक झाले तर उन्हाळ्यात इथली तांबडी धूळ त्यात बसते आणि तिचा लगदा होतो. मॅगझिनच्या आतल्या बाजूला मात्र तेल अजिबात लावू नये, कारण ते काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत झिरपू शकते. आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसावी, एवढेच पुरे.

छोट्या पिस्तुलाची स्लाइड ओढणे कठीण जाते, ही तक्रार अनेक स्त्रिया करतात आणि ती खरी आहे. .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळी मागून कुलूपबंद नसते; स्लाइडचे वजन आणि तिच्यामागची स्प्रिंग यांच्याच बळावर स्फोटाचा दाब आवरला जातो. स्लाइड लहान म्हणजे हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. याला शक्तीपेक्षा पद्धत उपयोगी पडते. पिस्तूल शरीराजवळ घ्यावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, डाव्या हाताची चारही बोटे स्लाइडवरून टाकून ती घट्ट धरावी, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. रिकाम्या पिस्तुलावर हा सराव रोज थोडा थोडा केल्याने दोन गोष्टी साधल्या: माझा हात बसला आणि स्लाइडच्या खाचांमधला नवा खरखरीतपणाही निवळला. त्यानंतर निकामी बनावट काडतुसे मॅगझिनमध्ये भरून ती एकेक करून आत जातात आणि बाहेर फेकली जातात का, हे पाहिले. बनावट काडतुसांच्या सरावाच्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीतसुद्धा असता कामा नयेत; आमच्या घरी ती वेगळ्या कुलपात असतात.

खऱ्या काडतुसांची चाचणी परवानाप्राप्त नेमबाजी रेंजवर, देखरेखीखालीच करावी. काजूच्या बागायतीत किंवा डोंगराच्या कडेला जाऊन करण्याचे हे काम नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने गोळी झाडून कोणाची सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे परवानाधारकाने विसरू नये. पहिल्या दिवशी मी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरले. गोळी सुटते का, पुंगळी बाहेर पडते का आणि मॅगझिन रिकामे झाल्यावर स्लाइड मागे थांबते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका काडतुसात मिळतात, आणि पिस्तुलात काही दोष असून दुसरी गोळी आपोआप सुटण्याची भीती राहत नाही. मग दोन, मग तीन, आणि सगळे सुरळीत चालल्यावरच पूर्ण मॅगझिन. काडतुसे खडकीच्या कारखान्यातली, केएफ छापाची आणि एकाच पेटीतली वापरली, म्हणजे बिघाड झालाच तर तो दारूगोळ्यातल्या फरकाचा नाही, हे गृहीत धरता येते.

बिघाड झाले. एकदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली, आणि काही वेळा काडतुसाचे टोक वर उचलले जाऊन नळीच्या मागच्या तोंडाशी थबकले. पहिला प्रकार पकड घट्ट केल्यावर पुन्हा घडला नाही; मनगट सैल राहिले की पूर्ण पिस्तूलच मागे जाते आणि स्लाइडला हवे तेवढे अंतर मिळत नाही. दुसरा प्रकार मात्र पकडीने सुटला नाही. इथे दुसरे मॅगझिन हाताशी असते तर प्रश्न लगेच सुटला असता: बिघाड मॅगझिनबरोबर जातो की पिस्तुलाबरोबर राहतो, हे ओळखण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. आणि माझ्या पिस्तुलासोबत मिळाले होते ते एकच.

जादा मॅगझिन म्हणजे जादा गोळ्या, असा समज आहे. तो अपुरा आहे. मॅगझिन हा पत्र्याचा, वाकणारा, पडणारा आणि झिजणारा भाग आहे. ते बिघडले तर उत्तम पिस्तूलही एका गोळीचे शस्त्र होते, आणि काही पिस्तुले तर मॅगझिन नसताना चापच ओढू देत नाहीत. म्हणून दुसरे मॅगझिन ही चैन नसून गरज आहे.

शोध सुरू केला तेव्हा कायदा आधी वाचला. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे परवाना दाखवून, अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक लिहून घेऊनच मॅगझिन घ्यावे, हे मी पहिल्यापासून ठरवले. ओळखीतून, कोणाच्या गावच्या घरातून, बिनपावतीचे मॅगझिन मिळेल असे सुचवणारेही भेटले. त्यांना मी नम्रपणे नकार दिला.

विक्रेत्याने मागवलेले पहिले मॅगझिन त्याच कंपनीचे असूनही जुन्या घडणीचे निघाले. ते मुठीत शिरत होते, पण त्याची खाच पिस्तुलाच्या, मॅगझिन अडकवून धरणाऱ्या खटक्याच्या समोर येत नव्हती. नंतर कोणी जुन्या वॉल्थरचे मॅगझिन दाखवले. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद होण्यापूर्वी आलेली वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली अँड स्कॉट यांची .३२ बोअरची पिस्तुले आजही अनेक घरांत आहेत आणि त्यांच्या मॅगझिनसाठी त्यांचे मालक माझ्याहून अधिक वणवण करतात. काडतूस एकच असले तरी मॅगझिन एकाचे दुसऱ्याला लागत नाही. वॉल्थरच्या पीपी आणि पीपीके या सख्ख्या भावंडांचीही लांबी वेगळी, कारण मुठीची उंची वेगळी.

अखेर दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिरांकडे मी पिस्तूल आणि त्याचे मूळ मॅगझिन घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मॅगझिन प्रकाशासमोर तिरके धरले आणि व्हर्नियर कॅलिपरने त्याच्या दोन ओठांमधले अंतर पुढे आणि मागे मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा केसभर अधिक भरले.

“बाय, हे कधी खाली पडलं होतं का?” त्यांनी विचारले.

“नाही काका, नवीनच आहे. माझ्या हातून तरी पडलं नाही.”

“मग येतानाच असं आलंय. पक्कड लावू नकोस. एकदा वाकवलेला पत्रा पुन्हा वाकतो. बदलून माग.”

काडतूस ज्या क्षणी मॅगझिनमधून सुटायला हवे त्याआधीच हे रुंदावलेले ओठ त्याला सोडत होते, म्हणून टोक वर उचलले जात होते. पिस्तुलात दोष नव्हता. काकांनी खाचेचे मापही कागदावर काढून दिले, आणि त्या कागदाच्या आधारे विक्रेत्याने कंपनीकडून योग्य घडणीची दोन मॅगझिन मागवली आणि मूळचे बदलून घेतले. यास बरेच दिवस लागले, पण पुढे प्रत्येक मॅगझिन कसे पारखावे हे मला कळले.

नवे मॅगझिन हाती आल्यावर मी आधी त्याच्या तळाशी रंगाचा ठिपका देते: लाल, पिवळा, निळा. वहीत त्या रंगासमोर प्रत्येक सराव नोंदवला जातो. मग ओठांची मापे. मग रिकामे मॅगझिन आत सारून खटका दाबल्यावर ते स्वतःच्या वजनाने खाली येते का, हे पाहायचे. यानंतरची चाचणी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बनावट काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरायचे आणि स्लाइड बंद असताना आत बसवून खाली ओढून पाहायचे. नव्या स्प्रिंगमध्ये दबण्यास जागा कमी असते. स्लाइडचा तळ वरच्या काडतुसाला अडवतो आणि मॅगझिन बसल्यासारखे वाटूनही खटक्यात शिरलेले नसते. माझ्या निळ्या ठिपक्याच्या मॅगझिनचे असेच होत होते. ते भरून ठेवले आणि नंतर पुष्कळदा भरून रिकामे केले, तेव्हा स्प्रिंग थोडी नरमली आणि खटक्याचा स्वच्छ आवाज येऊ लागला.

गोव्यात या सर्वांवर आणखी एक काळजी येते, ती गंजाची. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, पावसाळ्यातली ओली हवा आणि किनाऱ्याकडून येणारा खारटपणा यांत काळ्या पॉलिशचे पोलाद बोटांच्या ठशांवरूनसुद्धा गंजू लागते. चामड्याच्या म्यानात पिस्तूल साठवू नये, कारण चामडे ओल धरते. मखमलीच्या पेटीचेही तेच. मी ते तेलाचा पुसट हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवते आणि पुड्या वेळोवेळी गरम करून सुकवते. मॅगझिनची स्प्रिंग आणि तळपट्टीची आतली बाजू पावसाळ्यात विशेष पाहावी, कारण गंज तिथे सुरू होतो आणि शेवटी दिसतो.

निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हा ही काळजी दुप्पट होते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत आचारसंहिता ८ जानेवारीला लागली आणि निकाल १० मार्चला लागला. एवढा काळ शस्त्र आपल्या देखरेखीबाहेर राहू शकते. जमा करण्यापूर्वी तेलाचा हात नेहमीपेक्षा थोडा अधिक द्यावा, सर्व मॅगझिन रिकामी असल्याची खात्री करावी आणि पावतीवर पिस्तुलाच्या क्रमांकाबरोबर मॅगझिनची संख्याही लिहून घ्यावी. परत मिळाल्यावर तिथेच मोजून घ्यावीत.

सध्या लाल आणि पिवळे मॅगझिन माझ्या विश्वासाची आहेत; वहीत त्यांच्यासमोर गेल्या अनेक सरावांत एकही बिघाड नाही. निळ्यात शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड कधी थांबते, कधी थांबत नाही. काकांच्या मते फॉलोअरची, म्हणजे मॅगझिनमध्ये काडतुसांना खालून वर उचलणाऱ्या पट्टीची, कड घासली आहे. विक्रेत्याकडे नवा फॉलोअर आणि दोन जादा स्प्रिंगा मागितल्या आहेत. तोवर निळे मॅगझिन केवळ रेंजवर वापरायचे, असे ठरवले आहे.