तुम्ही विचारलंत म्हणून : मिंब्रेसचा ससा मी का शिकवत नाही

माझ्या मातीकामाच्या वर्गात दर बॅचला कोणीतरी मोबाईलवर मिंब्रेस भांड्याचा फोटो दाखवतंच, काळं-पांढरं वाडगं, आत अंग आखडून बसलेला ससा, ताई हे शिकवा ना, हजार वर्षं जुनं आहे, आता कोणाची परवानगी घ्यायची. मी नाही म्हणते आणि शिष्ट ठरते. तर एकदा सगळं लिहूनच टाकते.

त्या कामाचं मला वेड आहे हे आधी समजून घ्या. साधारण इसवी सन 1000 ते 1130 च्या दरम्यान अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, मिंब्रेस नदीच्या खोऱ्यात ही वाडगी झाली. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवलेली, वर पांढऱ्या मातीचा लेप आणि त्यावर काळी रेघ, आणि रेघ अशी की हात कुठे अडखळलाय ते शोधून सापडत नाही. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी काही वाडग्यांवरचे मासे अभ्यासकांनी कॅलिफोर्नियाच्या आखातातले म्हणून ओळखलेत, म्हणजे कोणीतरी तिथवर जाऊन नीट बघून आलं होतं!

पण यातली कितीतरी वाडगी घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसाच्या तोंडावर पालथी घातलेली होती, तळाला मुद्दाम भोक पाडून.

न्यू मेक्सिकोतच, अल्बुकर्कीला राहायचो तेव्हा ओळखीतल्या एका संग्राहकाने कौतुकाने घरी बोलावलं, तुम्ही मातीकाम करता, तुम्हाला कळेल म्हणाले, आणि कपाटातून काढून एक वाडगं सरळ माझ्या हातात दिलं. भोक कुठे होतं ओळखा. मी आतून बघितलं, काहीच नाही, रेघ सलग. मग तळाला बोट फिरवलं तर एका जागी पोत वेगळा लागला, जरा जास्तच गुळगुळीत. बुजवून वर रंगवलं होतं, भोक दिसलं की किंमत पडते म्हणे. कुठून आलं विचारलं तर खासगी रँचवरून, वडिलांनी घेतलेलं, सगळं कायदेशीर. असेलही. तिथे बुलडोझर लावून वस्त्या उकरल्या, हाडं बाजूला फेकली, आणि खासगी जमिनीतल्या अशा दफनांना न्यू मेक्सिकोने कायद्याचं संरक्षण दिलं ते 1989 मध्ये. दफनातल्या वस्तू मूळनिवासींना परत करायचा 1990 चा केंद्रीय कायदा केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या म्युझियमांना लागू, घरातल्या कपाटाला नाही. मी वाडगं दोन्ही हातांनी परत दिलं, चहाला थांबले नाही. कोणाच्या तरी तोंडावरचं होतं हो ते.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं चित्र काढल्याने कोणाची कबर उकरली जाते? नाही जात. माझ्या पंचविशीतल्या मीचंही हेच म्हणणं होतं, माती सगळ्यांची, रेघ सगळ्यांची. तिला अजून माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अमेरिकेतल्या सांताफे रेल्वेने 1936 पासून डायनिंग कारच्या प्लेट्सवर हीच चित्रं छापली, त्यावर लोक जेवले, मला ते सहन होत नाही. ॲकोमा या मूळनिवासी वस्तीतल्या कुंभार लूसी लुईस यांनी हीच चित्रं आपल्या भांड्यांवर आणली ते मात्र मला मनापासून आवडतं, कारण ॲकोमा, झुनी, होपी या मूळनिवासी लोकांना मिंब्रेसवाले आपले पूर्वज वाटतात. मग हक्क रक्ताने येतो का? असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आणि मी स्वतः ती रेघ बघायला शिकले तीसुद्धा उकरून काढलेल्या वाडग्यांचे फोटो बघूनच, हेही खरंय.

वळ्यांचं काम शिकवते, पांढरा लेप शिकवते, युक्का या तिकडच्या झाडाच्या पानाचा कुंचला कसा करतात तेही दाखवते. ससा तुमचा तुम्ही बघून काढा, जिवंत.