दाव्यास कारण २०१५ साली घडले

दिवाणी दाव्याच्या मसुद्यात शेवटाकडे एक परिच्छेद ठरलेला असतो : "दाव्यास कारण दि. अमुक रोजी मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले." साताऱ्यात कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. हे वाक्य आता बोटंच टाइप करतात, पण तारखेपाशी हात थांबतो. ती चुकली तर दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. म्हणून कितीही घाईतला वकील तेवढी तारीख वाचतो आणि मगच सही करतो.

हे सांगायचं कारण असं की २०२५ च्या सप्टेंबरपासून माझ्यात आणि माझ्या भाच्यात एक वाद चालू आहे. मराठी सिनेमाचं अलीकडचं सगळ्यात चांगलं वर्ष कोणतं? आणि तो वादही तारखेपाशीच येऊन अडलाय.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "मामा, 'साबर बोंडं' लागलाय. साताऱ्यात येईल न येईल, तू इकडेच ये." रविवारी सकाळची एसटी धरून गेलो. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि गावात राहिलेला त्याचा बालमित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या हळुवारपणे मी मराठी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत या सिनेमाला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. थिएटरमधून बाहेर पडल्यावर बराच वेळ मी काही बोललो नाही.

स्वारगेटला चहा पिताना भाच्यानं विषय काढला. "मामा, आता मान्य कर. हेच वर्ष. मार्चमध्ये 'स्थळ', जूनमध्ये 'जारण', गेल्या आठवड्यात 'दशावतार' आणि आज हा. सांग, असं वर्ष कधी आलं होतं?"

मी म्हणालो, २०१५. तो गप्प झाला. त्या वर्षी तो आठवीत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक तरुण वकील मॅडम कैफियत टाइप करून घेत होत्या. त्यांना सिनेमाची आवड आहे म्हणून मी त्यांच्याजवळ बोललो. त्यांनी पहिल्याच फटक्यात माझा पाया काढला. "काका, तुमचे २०१५ चे सिनेमे खरं तर २०१४ चे आहेत." 'कोर्ट' व्हेनिसला २०१४ साली दाखवला गेला आणि तिथेच त्याला दोन मोठी पारितोषिकं मिळाली. 'किल्ला'ला बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या ज्युरीनं क्रिस्टल बेअर दिलं, तेही २०१४ मध्येच. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर सर्टिफिकेटच्या वर्षावर ठरतात. त्या हिशेबानं २०१४ च्या यादीत 'कोर्ट' देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट, 'किल्ला' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, 'ख्वाडा'ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि 'एलिझाबेथ एकादशी' मुलांच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराचा विभागून मानकरी. "कागदोपत्री बोलायचं तर २०१४ च जिंकतं," मॅडम म्हणाल्या आणि कैफियतीची प्रत घेऊन गेल्या.

मुद्दा खरा होता आणि दिवसभर डोक्यात राहिला. सिनेमाच्या दाव्याला कारण कधी घडतं? सर्टिफिकेट मिळतं तेव्हा? परदेशात टाळ्या पडतात तेव्हा? माझं मत, नाही. मी तिकिटाच्या खिडकीपाशी पैसे काढून उभा राहू शकतो, त्या दिवशी. 'फँड्री' २०१३ साली मुंबईच्या महोत्सवात दाखवला गेला, पण आमच्यासारख्यांच्या आयुष्यात तो १४ फेब्रुवारी २०१४ ला आला. जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड आम्हाला त्या दिवशी लागला. त्याआधी तो लागला असं म्हणता येत नाही. हा नियम लावला की २०१४ कडे 'फँड्री' राहतो, पंढरपुरातली 'एलिझाबेथ एकादशी' राहते आणि 'रेगे' राहतो. चांगलंच वर्ष आहे. पण बाकीचे तीन उठून २०१५ मध्ये येतात.

आता 'कोर्ट'बद्दल सविस्तर लिहितो. माझा सगळा दावा त्याच्यावर उभा आहे.

१७ एप्रिल २०१५ ला तो लागला. त्याच महिन्यात मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचाच, असं सरकारनं जाहीर केलं होतं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. पेपरात, चॅनेलवर दुसरा विषय नव्हता. या गदारोळात चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला सिनेमा आला. त्यात गाणं-नाच नाही, ओळखीचा चेहरा नाही, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. मी पुण्याला जाऊन पाहिला.

नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर. त्याच्यावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. सरकारी वकील बाई कायद्याची कलमं एका सुरात, श्वास न घेता वाचून काढतात. आणि न्यायाधीश साक्षीदाराचं म्हणणं ऐकतात, आपल्या शब्दांत आवळतात आणि टायपिस्टला सांगतात. इथं मी खुर्चीत सरसावून बसलो. माणूस पाच मिनिटं बोलतो आणि कागदावर दीड ओळ उतरते, हे मी रोज बघतो. त्याचं रडणं, त्याचं थांबणं, 'साहेब, तसं नाही' म्हणणं, त्यातलं काही टाइप होत नाही. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. ती सांगते की नवरा आधी गटारात खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. तिचा चेहरा सपाट, आवाज सपाट. ही भूमिका ज्या बाईंनी केली, त्यांचा स्वतःचा नवरा गटारात काम करताना गेलेला होता. हे मला पुढे वाचनात कळलं आणि तो प्रसंग पुन्हा पाहायला मन धजेना.

शाहीर झालेले वीरा साथीदार हे स्वतः नागपूरचे कार्यकर्ते आणि कवी होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले. त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं होतं.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. सगळे निघून जातात, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा होतो. आमच्या शोला सात-आठ जण उठून दरवाजाकडे निघाले, त्यांना वाटलं संपला. मी बसून राहिलो. मला माहीत होतं की संपलेला नाही. मे महिन्यात माझा धंदा निम्म्यावर येतो, समोरचं आवार ओस पडतं, पण जो आत आहे तो आतच असतो. त्याची सुट्टी कोणी मोजत नाही. पडदा पुन्हा उजळला तेव्हा न्यायाधीश महाशय सहकुटुंब रिसॉर्टवर होते. दरवाजापर्यंत गेलेले लोक तिथंच उभे राहून बघत होते.

'किल्ला' जूनच्या शेवटी आला. अविनाश अरुणचाही पहिलाच. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, बदली कोकणात, आणि पुण्याहून आलेला अकरा वर्षांचा चिन्मय. सायकली काढून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि भिजत बाहेर आलेल्या चिन्मयला दिसतं की मित्र त्याला टाकून निघून गेलेत. माझ्या दुकानात मे-जूनमध्ये बदली झालेले कर्मचारी येतात, हातात मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. चार-चार प्रती काढून घेतात. सोबत कधी पोरगं असतं, ते मशीनच्या हिरव्या उजेडाकडे बघत उभं राहतं. 'किल्ला' पाहिल्यापासून मी त्या पोराला नाव विचारतो, कुठल्या गावाला चाललास ते विचारतो. अमृता सुभाषनं त्यातली आई अशी केलीय की ऑफिसात ताठ बसलेली बाई घरी आल्यावर किती थकलेली असते, ते तिच्या खांद्यांवरून कळतं.

ऑक्टोबरमध्ये 'ख्वाडा'. भाऊराव कऱ्हाडे या माणसानं स्वतःची जमीन विकून हा सिनेमा केला. रानोमाळ मेंढरं घेऊन फिरणारं धनगराचं कुटुंब, आणि धाकट्या बाळूला लग्न करून एका जागी थांबायचंय. आमच्याकडे मेंढपाळांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, पावसाळ्यानंतर दरसाल रस्त्यानं जातात, गाड्या हॉर्न वाजवत थांबतात. त्या वाड्याच्या आत काय बोलणं चालतं, ते मला या सिनेमानं ऐकवलं. ऐकवलं हा शब्द मुद्दाम वापरतोय. त्याच्या जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणालाही राष्ट्रीय पुरस्कार आहे.

आणि मग १२ नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा. त्या एका दिवशी सलमान खानचा मोठा हिंदी सिनेमा लागला, आणि त्याच्यासमोर 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' हे दोन मराठी. आमच्या घरात फराळाच्या ताटावर वाद झाला. बायकोला 'कट्यार', मेव्हणीला स्वप्नील-मुक्ता. हिंदीचं नाव कोणी काढलं नाही. असा वाद आमच्या घरात आधी कधी झालेला मला आठवत नाही. शेवटी दोन्ही पाहिले. सासऱ्यांनी तरुणपणी 'कट्यार' नाटक वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसह पाहिलेलं. ते घरातून निघतानाच रुसून निघाले होते. 'अरुणि किरणी' सुरू झालं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर तालात पडत होतं. महेश काळेंना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या दिवशी सासऱ्यांनीच मला फोन करून सांगितलं. दिग्दर्शक म्हणून सुबोध भावेचाही तो पहिलाच सिनेमा.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. कोर्टातलं गटारावरचं शाहिरी गाणं, कोकणातला पाऊस, धनगराचा वाडा आणि संगीत नाटकाची मैफल. चार वेगळी जगं आणि चारही पहिलटकर दिग्दर्शक, तेही एका वर्षात.

तो म्हणाला, "मग २०१६ चं काय?"

बरोबर आहे, बहुतेकांचं उत्तर तेच असतं. एक जानेवारीला 'नटसम्राट', २९ एप्रिलला 'सैराट'. 'सैराट'नं जे केलं ते कुठल्याच मराठी सिनेमानं आधी केलं नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात रहिमतपूरला मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. आयुष्यात थिएटरची पायरी न चढलेल्या बायका ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या. शेवटी ते बाळ रक्तात माखलेल्या पावलांनी बाहेर येतं तेव्हाची थिएटरमधली शांतता मी विसरणार नाही. पण २०१६ म्हणजे दोन सुळके आहेत, त्यांच्यामध्ये मला फार काही दिसत नाही. 'व्हेंटिलेटर' नक्कीच चांगला होता. तो आला ४ नोव्हेंबरला आणि चार दिवसांनी नोटा बंद झाल्या. त्या महिन्यात माझ्या दुकानासमोर आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी रस्त्यापर्यंत रांग होती. मशीन तापून बंद पडायचं, तेवढाच मला आराम. सिनेमा कुठून बघणार? मी तो वर्षभरानं टीव्हीवर पाहिला.

भाचा थोडा वेळ थांबला आणि त्यानं माझाच मुद्दा माझ्यावर उलटवला. "पहिलटकर म्हणतोस ना मामा? मग रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' पहिलाच आहे. जयंत सोमलकरचा 'स्थळ' पहिलाच आहे. आणि तुझा नियम लाव : 'स्थळ' टोरंटोला २०२३ मध्ये दाखवला, आम्हाला तिकीट मिळालं २०२५ च्या मार्चमध्ये."

'स्थळ' मीही पाहिलाय. विदर्भातल्या खेड्यातली सविता, पाहुणे येतात, ती पाटावर बसते, तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि पुन्हा दुसरे पाहुणे. माझ्या दोन्ही बहिणी अशा बसलेल्या मी पाहिल्यात, त्यातली एक या भाच्याची आई. मला लगेच काही बोलता आलं नाही.

दोन दिवस विचार केला आणि त्याला परत फोन लावला. म्हणालो, माझ्याकडे पुरावा आहे, तुझ्याकडे तो अजून यायचाय. ताम्हाणेनं पुढे 'द डिसायपल' केला आणि २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक आणलं. अविनाश अरुणनं 'पाताल लोक'चं दिग्दर्शन केलं, 'थ्री ऑफ अस' केला. कऱ्हाडेनं 'बबन' केला. २०१५ मध्ये जे पेरलं ते दहा वर्षं उगवताना मी पाहिलंय. कानवडे आणि सोमलकर पुढे काय करतात ते बघू दे.

"म्हणजे २०३५ पर्यंत थांबायचं?"

"थांबू की. तोवर तू 'ख्वाडा' तरी बघ."

त्यानं तो पाहिलेलाच नव्हता, म्हणून त्याला इतकं लांबवर वाद घालता आला. दिवाळीत तो साताऱ्याला आला. भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला. बायको आणि बहीण आतल्या खोलीत बोलत बसल्या होत्या. पडद्यावर माळ, मेंढरं, काठीवर रेललेला शशांक शेंडे. दहा मिनिटांनी भाच्यानं माझ्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज वाढवला, मग उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.